पत्र्यापलीकडचे पेरू

फळमाशी पत्रा ओळखत नाही. एवढं साधं वाक्य त्या वर्षी मी ज्याला त्याला ऐकवलं, आणि ज्याने त्याने माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं.

माझं माहेर नारायण पेठेतलं. फळ म्हणजे मंडईतून आणायची वस्तू, एवढ्या ज्ञानावर मी धायरीत सून म्हणून आले. चारी बाजूंनी इमारती उठल्या तरी आमची पेरूची बाग टिकून होती. बाग एक, घरं दोन: आमचं आणि थोरल्या चुलत दिरांचं. सकाळी चहाच्या आधी दोन्ही घरच्या बायका पाट्या घेऊन निघायच्या आणि झाडाखाली पडलेला पेरू न् पेरू उचलून खोल खड्ड्यात पुरायच्या. कुणाच्या झाडाचा, हे कुणी विचारायचं नाही. पडक्या फळात माशीच्या अळ्या असतात. त्या मातीत उतरतात आणि माशी होऊन वर येतात. माशी पिकायला आलेल्या फळाला टोचते, आत अंडी घालते. बाहेरून दिसतो फक्त एक ठिपका. मग कितीही औषध मारा, अळी आत सुखात बसलेली. माझ्या हातात पहिल्यांदा पाटी दिली ती थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या अक्कांनी. सडक्या पेरूंच्या वासाने मी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, "नाक मागनं मुरड, आधी उचल."

मग दिरांनी आपला अर्धा भाग बिल्डरला दिला आणि ते वारजेला फ्लॅटमध्ये राहायला गेले. द्यावा की, त्यांची जमीन. माझा राग त्याचा नाही. बिल्डरने मधोमध निळा पत्रा ठोकला, गेटवर वॉचमन बसवला आणि बांधकाम काही सुरू केलं नाही. झाडं तशीच उभी. आम्ही मृग बहार धरतो, म्हणजे उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पावसावर ती फुलवायची आणि थंडीत फळ घ्यायचं. पलीकडच्या झाडांना वालीच नव्हता. ती भर पावसात मन मानेल तशी लगडली. पेरू पडले, सडले, चिखलात मिसळले. वास आमच्या ओट्यापर्यंत यायचा, आणि मागोमाग माशी.

आम्ही सापळे लावले. त्यात नर माश्या अडकून मरतात, पण शेजारी एवढी पैदास चाललेली असताना सापळे किती पुरणार? मी वॉचमनकडे गेले. म्हटलं, मला फक्त पडके पेरू उचलू दे. तो म्हणाला, "ऑफिस से परमिशन लाओ." ऑफिसात गेले. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला आमचे पेरू कशाला हवेत?" सडके पेरू! मी म्हटलं, "जेली करायचीय." त्यांनी गंभीर चेहऱ्याने, तसं लेखी द्या म्हणून सांगितलं.

दिरांना फोन केला. "आता आमचा काय संबंध? जागा त्यांची हाय. तुमी औषध मारा की जरा." सगळी हयात पेरू पिकवण्यात घालवलेला माणूस हे बोलत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि घरात आमचे हे. एरवी तोंडातून शब्द फुटायची मारामार, पण एकदा जेवता जेवता म्हणाले, "यंदाचा बहार डागी निघाला, तर आपुन बी देऊन टाकू. लई झालं." आमटी वाढता वाढता माझा हात थांबला. पानावर बसून माणूस बाग विकायला काढतो!

आमच्यात पहिल्या तोड्याची पाटी थोरल्या घरी जाते. धाकट्या घरच्या सुनेने तिथेच पेरू कापून पहिली फोड थोरल्यांच्या हातात द्यायची, मगच माल बाजारात. दीर वारजेला गेले तरी ही रीत सुटली नव्हती. त्या थंडीत पाटी भरताना फळाफळावर ठिपके दिसत होते. हे म्हणाले, "निवडून चांगली भर." मी मुद्दाम निवडली नाहीत.

वारजेच्या फ्लॅटात काचेचं टीपॉय होतं. त्यावरच मी पेरू ठेवला आणि कापला. पांढऱ्या अळ्या बाहेर आल्या. ही अळी नुसती वळवळत नाही, टुणकन उडी मारते. एक दिरांच्या पायजम्यावर गेली. त्यांनी पाय सोफ्यावर ओढून घेतले.

"अगं ए, काय घेऊन आलीस हे?"

"तुमच्याच आहेत, दादा. जन्म तुमच्याकडचा, फक्त जेवायला आमच्याकडे येतात."

"आता ती जागा माझी न्हाई—"

"जागा विकलीत, ठीक आहे. लाजही खरेदीखतात घातलीत का?"

थोरल्या दिरांपुढे मी तोवर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले आणि मला फार बरं वाटलं. अक्का ओलं फडकं आणून काच पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्यापलीकडून भांडणाचा आवाज आला. गेटपाशी जाऊन बघते तर अक्का. बांधावरचा आमचा म्हसोबा पत्र्याच्या त्या बाजूला गेलेला. देवाला येणाऱ्याला अडवायचं नाही, हे जागा देतानाच ठरलं होतं. अक्कांच्या हातात नारळाचं ताट आणि काखेत दोन रिकाम्या पाट्या होत्या.

"देवाच्या दारात ही घाण, आन् उचलायची न्हाई?" त्यांनी वॉचमनला दटावलं. मग माझ्याकडे वळल्या. "तू बघत काय उभी ऱ्हायलीस? उचल."

मी पेठेतली शहाणी परवानग्या मागत फिरले, आणि वाट तिथेच होती. मागाहून पिकणारे पेरू अजून पडतच होते. आम्ही रोज देवाला जाऊ लागलो. शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "किती श्रद्धा हो तुमची!" मी म्हटलं, "हो ना, वास येतोय ना श्रद्धेचा?"

बहार वाचला म्हणणार नाही. बराच माल डागी म्हणून पुरला, आणि पुरताना शिव्या घातल्या. शेवटच्या तोड्यांना मात्र फळ स्वच्छ निघालं. हे बघत होते, पण विकायचं की नाही, त्यावर अवाक्षर काढत नव्हते.

उन्हाळा लागला आणि एका सकाळी मोटरीचा आवाज आला नाही. मी धावतच बाहेर आले तर हे ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते.

"हे काय चालवलंय?" मी ओरडलेच.

"पाणी तोडतोय. मृग धरायचाय न्हवं?"

मी आत जाऊन चहा टाकला आणि साखर घालायची विसरले.

पावसाळ्यात दिरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "औंदा पहिली पाटी आणशील न्हवं?"

"आणीन. पण या वेळी पेरू कापायचा तुम्ही."



"मग त्याच्या आधी येकदा देवाला येऊन जातो म्हंतो," ते म्हणाले.

"या की. येताना पाटी आणा."