जांभईचा ज

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो दोनदा कट केला. शाळेचा नंबर दिसला म्हणजे ताई असणार, आणि ताई असणार म्हणजे टेबलावर राहिलेलं कुठलंतरी पुस्तक रिक्षाने पाठवून दे म्हणणार, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिसऱ्यांदा उचलला, तर शाळेतले शिपाईमामा. "मॅडम, बाई खुर्चीतच..." एवढं बोलून ते रडायलाच लागले. मला आधी राग आला, हे खरं सांगते. सकाळी छातीत जड वाटतंय म्हणाली होती. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणे, "आज गुरुवार आहे गं. सातवीचं वाचन आहे." जसा काही शुक्रवारी सातवीचा वर्ग गाव सोडून जाणार होता!

माझी ताई पनवेलच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. माझं लग्न मोडलं तेव्हा मी एक बॅग आणि पुष्कळशा तक्रारी घेऊन कामोठ्याला तिच्या दोन खोल्यांत राहायला आले, ती तिथलीच झाले. तिने मला एका शब्दानेही काही विचारलं नाही. दुसऱ्याच संध्याकाळी मात्र एक पुस्तक घेऊन समोर बसली. कुठलंही पुस्तक मुलांपुढे न्यायच्या आधी ते माझ्यावर वाचून बघायचं, हा तिचा नेम तेव्हापासूनचा. मी ऑफिसातून येऊन कोलंबी सोलायला घेतली की ही स्टूल ओढून हजर. हात भरलेले, म्हणजे मला पळायची सोय नाही. आणि मी जांभई दिली की हिची पेन्सिल चाललीच. त्या ओळीशेजारी, समासात, बारीकसा 'ज'.

"काय लिहिलंस?"

"जांभई."

"अगं, दिवसभर खपून, बसमध्ये उभी राहून आलेय मी. जांभई पुस्तकाला नाहीये, आयुष्याला आहे!"

"असू दे. सातवीच्या मुलांनाही आयुष्य असतंच."

अशा बाईशी काय बोलणार? पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून मुलांना ओरडणारी ही, स्वतः मात्र शाळेच्या पुस्तकांत माझ्या जांभया नोंदवत बसायची. बरं, घरात तिचा दुसरा उपयोग शून्य. दूध गॅसवर ठेवून वाचायला बसली की ते उतू जाणारच, आणि मी किंचाळले की शांतपणे म्हणणार, "दोन ओळी राहिल्यात गं..." ओटा पुसून पुसून माझे हात झिजले. पण मला खरा सल होता तो वेगळाच. इतकी पुस्तकं ऐकवली, पण 'तुला आवडलं का' असं तिने मला एकदाही विचारलं नाही. एकदा मी भडकून म्हटलंच, "मी तुझी बहीण आहे की थर्मामीटर?" ती हसून म्हणाली, "थर्मामीटर बरा. तो बोलत नाही." तिने ते थट्टेत म्हटलं असेल, पण मला लागलं. तिच्या लेखी मी नक्की कोण आहे, हे ती असेपर्यंत मला कळलं नाही. आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी शाळेची घरी राहिलेली अकरा पुस्तकं परत करायला गेले. नेमका गुरुवार होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नवीन ग्रंथपाल मिळेपर्यंत वाचनाचा तास गणिताला दिलाय." ग्रंथालयात सातवीची मुलं गणिताच्या सरांची वाट बघत बसली होती. मी पिशवीतून पुस्तकं काढली, त्यात सर्कशीतून पळालेल्या हत्तिणीची गोष्ट होती. ताईने अर्धीच वाचलेली. ते पुस्तक बघून पुढच्या बाकावरची, ओवे गावातली एक मुलगी ताडकन उठली.

"तुमीच का त्या जांभईवाल्या मावशी?"

"कोण जांभईवाली?" मी विचारलं.

"बाई सांगायच्या ना! ज आला का पुस्तक खाली ठेवायच्या नि तुमची गोष्ट सांगायच्या."

आणि मग सगळा वर्ग बोलत सुटला. मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ऑफिसला गेले ते. रिक्षावाल्याशी तावातावाने भांडून शेवटी त्यालाच प्यायला पाणी दिलं ते. चाळिशीत सायकल शिकताना भाजीच्या हातगाडीवर जाऊन आदळले तेसुद्धा! माझी अब्रू दर गुरुवारी चारचौघांत मांडली जात होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. घरी जाऊन फाडून खाल्लं असतं मी तिला. पण घरी कोण होतं...

"तुमी आल्यात तवा सा म्हैने हसल्या नाय," ती मुलगी सांगतच होती. "मग एक दिस ओट्याजवल गानं म्हनलात. हे सांगितलं त्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाय. म्हनाल्या, पुस्तकात कंटाला येतो कदी कदी, पन माझे घरात नाय येत. माझी भईन हाय घरात."

मी टेबलाशी बसले. ताईच्याच खुर्चीत, हे बसल्यावर लक्षात आलं. मला रडू आलं, आणि मुलांसमोर आलं म्हणून तिचा पुन्हा रागही आला. हे मला सांगायला काय झालं होतं तिला?

"मावशी, हत्तिनीचं काय झालं?" कुणीतरी मागून विचारलं.

गणिताचे सर दारात आले होते. "सर, जरा थांबा," असं मी कुठल्या अधिकाराने म्हटलं, देव जाणे. ते थांबले, आणि मग येऊन मागच्या बाकावर बसले. वर्गात वाचून झाल्याची खूण होती तिथून मी पुढे वाचायला लागले. तीन पानांनंतर समास कोरे झाले. जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, तिने मला तिथवरच ऐकवलं होतं. पुढे सर्कसमालकाच्या घराण्याचं लांबलचक वर्णन होतं. मी नेटाने वाचत राहिले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ओव्याच्या त्या मुलीने तोंडावर हात ठेवून मोठ्ठी जांभई दिली.

टेबलाच्या खणात ताईची पेन्सिल होती. मी त्या ओळीशेजारी बारीकसा 'ज' काढला आणि पुस्तक खाली ठेवलं.

"तुमच्या बाईंना," मी म्हटलं, "जन्मात एकदाही दूध उतू न घालवता तापवता आलं नाही..."

अख्खा वर्ग सावरून बसला.