तलासरीपर्यंत

आमची गाडी लांबूनच ओळखू येते, असं डहाणूत सगळे म्हणतात. नाकानं. मी सुक्या मासळीचा धंदा करते; आधी आईचा होता, आता माझा. बोंबील वाळवायचे, निवडायचे, बाजारात पोचवायचे, आणि सगळी ने-आण याच गाडीतून. कितीही धुवा, कापूर ठेवा, सीटची कव्हरं बदला, वास काही हलत नाही. माझ्या नवऱ्याला तो आवडायचा. लग्नाआधी म्हणायचा, तू आलीस की न बघता कळतं. प्रेमात असं कुणी बोलतं का? पण मी खूश व्हायचे.

दोन वर्षांसाठी म्हणून तो सुरतला नोकरीला गेला. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मी गाडी काढायचे. चारोटीला हायवेला लागायचं, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला चालत्या गाडीतूनच नमस्कार करायचा, मग तलासरी, अच्छाड, की आलंच गुजरात. पहिल्याच खेपेला मी घोळ घातला. त्याच्या खोलीवर गॅस पेटवून बोंबील भाजले. बिल्डिंग सगळी शाकाहारी. बघता बघता जिन्यात माणसं गोळा झाली, आणि शेजारच्या काकी नाकाला पदर लावून विचारायला आल्या, "बेन, कंई बळे छे के शुं?" यानं ठोकून दिलं, वायर जळाली. नंतर दार लावून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

तेव्हापासून आमची पंगत गाडीत. तो शहराबाहेर येऊन थांबायचा. हायवेच्या कडेला झाडाखाली गाडी लावायची, काचा खाली करायच्या आणि तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबलाची चटणी हाणायची. मग लिंबानं हात धुवायचे आणि साळसूद चेहऱ्यानं बिल्डिंगमध्ये शिरायचं. त्या जेवणाच्या ओढीवर मी महिना काढायचे, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षं संपत आली. परत येणार की नाही, हे विचारायचंच असं ठरवून त्या शनिवारी निघाले. झाडाखाली त्यानं दोन घास खाल्ले आणि डब्याला झाकण लावलं. "बस. हल्ली झेपत नाही गं. आणि वास राहतो हाताला."

सहज बोलला तो. मी माझ्या हातांकडे बघितलं. ते तर बारमाही तसेच. रात्री काकींनी खिचडी-कढी आणून दिली, ती मात्र साहेबांनी भुरके मारत खाल्ली, वर गुजरातीत आणखी मागून घेतली. मला काकींचा इतका राग आला की काय सांगू. बिचारीनं मलाही प्रेमानंच वाढलं होतं.

विचारायचं राहिलंच. रविवारी दुपारी निघताना तो नेहमीसारखा गाडीत बसला. शहराबाहेरच्या नाक्यापर्यंत सोबत करायची आणि तिथून रिक्षानं मागे फिरायचं, ही त्याची पद्धत. नाका दिसायला लागला तेव्हा मी विचारून टाकलं, "परत येणार आहेस ना तू?"

नाका आला. तो उतरला नाही. "चालव," एवढंच म्हणाला.

मी चालवत राहिले. नवसारी गेलं, वलसाड गेलं. माझ्या मनात संसार केव्हाच नव्यानं मांडून झाला होता. कपडे आणले नाहीत तर नाहीत, कपाटात त्याचे दोन शर्ट आहेत. आईला फोन करून ताजे बोंबील ठेवायला सांगावेत का? वापी गेलं तशी मी गुणगुणायला लागले, आणि माझा आवाज म्हणजे काय ते त्याला माहीत आहे, तरी तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत होता. त्याचा हात मात्र गिअरवरच्या माझ्या हातावर होता. अच्छाडला मराठी पाट्या सुरू झाल्या. मी म्हणाले, "आलं बघ आपलं."

तलासरीला तो म्हणाला, "बाजूला घे जरा."

मला वाटलं, चहा हवा असेल. समोर बघतच त्यानं सांगितलं, "मी तिथंच राहतोय. ऑफिसात हो म्हणून टाकलंय. बरं चाललंय गं माझं तिथं. तू ये ना."

"आणि माझी मासळी?"

"ती तिथं कशी जमणार?"

"मग इथपर्यंत कशाला आलास?"

"उतरवेना," तो म्हणाला.

आणि उतरला. हायवेच्या पलीकडे जाऊन सुरतच्या बसची वाट बघत उभा राहिला. मधून ट्रक जात होते. तो दिसायचा, झाकला जायचा, पुन्हा दिसायचा. तिथून घर तासाभरावर होतं. मला राग यायला हवा होता, एरवी तो नाकावरच असतो. पण मला तो माणूस हवा होता, तिथल्या तिथं, जसा असेल तसा. बस आली. तो चढला. मी कधी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेपर्यंत पोचले होते कोण जाणे. पायात चपला नाहीत, गाडीतच राहिल्यात, हे तळवे भाजायला लागले तेव्हा कळलं.