रिंगला लावलेला कौल

गेल्या रविवारी संभाजीनगरात माझे पाचपैकी पाच फ्री थ्रो चुकले. तेही माईक, हार-गुच्छ आणि भरगच्च मैदानासमोर...

एका बास्केटबॉल कोर्टचं उद्घाटन होतं. मैदानाचं नाव घेत नाही, बिचाऱ्यांनी मनापासून बोलावलं होतं. कोर्ट नव्याने करून सहा महिने झाले होते, मुली रोज खेळतही होत्या, फक्त फीत कापायचा मुहूर्त आत्ता लागला. पाहुणी मी. देशाच्या टीमची माजी कॅप्टन, आपल्या मातीतली लेक वगैरे वगैरे. निवेदक माझी मेडल्स वाचत होता आणि मला ती दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

खरं सांगू? आठवडाभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर खेळ थांबला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून बॉलला हात लावला नव्हता. जे अंग वर्षानुवर्षं सकाळी सहाला कोर्टवर उभं राहायचं, त्याला आता उठून करायचं काय तेच कळत नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या... आई म्हणते, "बस की गं घटकाभर."

त्यात याच मैदानावरच्या मुलींना कोचिंग द्याल का, असं विचारणारा मेल येऊन पडलेला. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

आमच्या गावाकडं देवाला कौल लावतात. मी लहानपणापासून रिंगला लावते. टीममध्ये नाव येईल का, पाय बरा होईल का... पाचपैकी तीन पडले तर हो. उद्घाटनाला पहिले बॉल मीच टाकायचे होते, तेव्हा मनात ठरवून टाकलं. तीन पडले तर कोचिंगला हो, नाहीतर नाही. हातच गेला असेल तर पोरींना शिकवणार काय, कपाळ?

नारळ फुटला, फीत कापली, मी लाइनवर उभी राहिले. पुढाऱ्यांचं बरं असतं, बॉल नुसता बोर्डाला लागला तरी टाळ्या पडतात. माझा पहिला रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर आला. दुसराही तिथंच. तिसरा, चौथा, पाचवा... लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या फार लागल्या मला.

जेवणाला नान-खलिया होता, माझा जीव की प्राण. पण ताट तसंच ठेवलं. टेबलाखाली मोबाइल धरून नकाराचा मेल लिहूनही टाकला, फक्त पाठवायचा राहिला होता.

तेवढ्यात इथल्या मुलींच्या टीममधली आरती ताट घेऊन शेजारी येऊन बसली. नववीतली पोर. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "मॅडम, लई मनाला लावून नका घेऊ. बाहेर खेळायला गेलं की आमचं पण असंच होतं. इथं धडाधड पडतात, अन् तिथं बॉल रिंगपर्यंत पोचतच नाय."

"सगळ्यांचं?"

"व्हय. सगळे म्हणतात आम्ही घाबरट हाव."

मी बरं म्हटलं, नानचा तुकडा मोडला... आणि हात तसाच थांबला. मागची कड. पाचही बॉल मागच्याच कडेला. हे माझ्या बाबतीत आधी एकदा झालं होतं.

आमच्या पिशोरच्या शाळेत रिंग गावातल्या वेल्डरने बसवली होती. त्याने माप जमिनीऐवजी खांबाच्या चौथऱ्यापासून घेतलं, त्यामुळे रिंग अर्धा फूट जास्तच उंच. मला काय माहीत! जिल्ह्याच्या निवडीसाठी पहिल्यांदा शहरात आले तर माझे सगळे बॉल मागच्या कडेवर आपटून बाहेर. मी रडकुंडीला आले. निवड करणारे साळवे सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, तुमच्या गावची रिंग किती उंच हाय गं?" आणि पुढच्या रविवारी एसटीने पिशोरला येऊन ती स्वतः मोजली. माझं सगळं करिअर त्या एका प्रश्नावर उभं आहे.

मी तशीच उठले. आरतीचे वडील शेंद्र्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला, घर मैदानाला लागूनच. ती पळत जाऊन त्यांना टेपसकट घेऊन आली.

रिंग जमिनीपासून दहा फूट हवी. भरली नऊ फूट सात इंच. दुसऱ्या बाजूचीही तेवढीच. जुने खांब तसेच ठेवून खाली नवं काँक्रीट ओतलं होतं... कोर्ट वर आलं, रिंग तिथंच राहिली.

आरतीच्या वडिलांनी ड्रिल आणलं, चारजणांनी बोर्ड धरले आणि चार वाजेपर्यंत दोन्ही रिंगा पाच इंच वर गेल्या. मग मुलींनी बॉल टाकले. एकही पोचेना.

"मॅडम, मघाशी पडत होते की!" आरती चिडून म्हणाली.

मला इतकं हसू आलं... तिच्या मागे जाऊन उभी राहिले. कोपर आत घे, पाय वाकव, हाताने ढकलू नको, खालून जोर येऊ दे. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. ऊन कलल्यावर लक्षात आलं, दोन तास मी एकदाही गुडघ्याचा विचार केला नव्हता.

जाताना मुली मागं लागल्या, मॅडम, आता तुम्ही टाका. मी नाही टाकला. रिंगला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रिक्षात बसून आधीचा मेल पुसला आणि 'येते' एवढंच लिहून पाठवलं.

साळवे सर आता नाहीत. माझ्या हाताला दोष देण्याआधी त्यांनी रिंग मोजली होती. मी मात्र इतकी वर्षं खेळूनही पहिला संशय स्वतःच्याच हातावर घेतला... आणि त्या पोरी सहा महिने स्वतःला घाबरट समजत राहिल्या. सर, तुमची फार आठवण आली.

उद्या सकाळी सहाला कोर्टवर पहिला दिवस. बॅगेत शिट्टीच्या आधी टेप टाकलाय.