जाऊबाई मालकांकडे राहायला गेल्या

माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणजे एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायच्या नाहीत. एका घरात नांदलो, एका कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या राहून कोळंबी सोलली, तेव्हा हे मी नाही तर कोण सांगणार? माझी पाटी अर्धी होईपर्यंत त्यांची दुसरी सुरू व्हायची, वर मलाच ऐकवायच्या, "तुझं आपलं निवांत चाललंय." अस्सा राग यायचा!

मालकांना भाषणाची भारी हौस. अधूनमधून शेडमध्ये यायचे आणि नाकाला रुमाल लावून सांगायचे, "इथे कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही. आपण सगळी एका घरची माणसं." बर्फाच्या पाण्यात उभ्या राहून आम्ही टाळ्या वाजवायचो. तेवढेच हात गरम व्हायचे.

मग एक दिवस माल पुढे नेणाऱ्या पट्ट्यात जाऊबाईंचा उजवा हात सापडला. पट्ट्यावरचं लोखंडी झाकण मालकांनीच काढायला लावलं होतं, का तर म्हणे धुताना वेळ जातो. दोन बोटं जागच्या जागी गेली. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर उरलेली बोटं वळतील, नाहीतर हात कायमचा आखडेल. मी दवाखान्यात ढसाढसा रडले. जाऊबाई म्हणाल्या, "पुरे गं, लोकांना वाटेल हात तुझाच गेला."

मॅनेजरकडे गेलो तर त्याने कानांवर हात ठेवले. "या आमच्या कामगारच नाहीत, मुकादमाच्या आहेत." मुकादम म्हणाला, "मी फक्त बायका आणून सोडतो. किलोवर पैसे, त्यात नोकरी कसली?" त्यानंतर त्याचा फोन लागेना. शेवटी कामगार संघटनेच्या वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "कामावर दुखापत झाली की उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे, भीक नाही. पण तुम्ही त्यांच्या कामगार आहात हे दाखवावं लागेल." आता नऊ वर्षं सोललेली कोळंबी साक्षीला कुठून आणायची? ती तर लोकांनी खाऊन टाकलेली!

केसचा वास लागताच मालकांनी जाऊबाईंना बोलावून घेतलं; सोबत मीही गेले. आवाजात नुसता लोण्याचा गोळा. "अहो, घरचं माणूस कधी घरावर केस करतं का?"

"बरोबर आहे तुमचं," जाऊबाई म्हणाल्या.

"बरोबर काय, डोंबल!" मी बाहेर आल्यावर ओरडले. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. घरी जाऊन दोन साड्या पिशवीत कोंबल्या. "घरचं माणूस दुखणाईत पडलं तर घरीच राहणार ना? चल, पिशवी उचल. मला एका हाताने जमत नाही."

आणि गेल्या की हो! मालकांच्या दिवाणखान्यात, पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर, पाय वर घेऊन बसल्या. मालकीणबाईंना म्हणाल्या, "वहिनी, माझी वेणी घालता का? हाताचं असं झालंय." भल्या बाईने घातलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी आमटी पांचट झाल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मालकांना ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून झापलं. मी रोज धुतलेले कपडे घेऊन जायची आणि फाटकातच लाजेने अर्धी व्हायची.

मग माल विकत घेणारे बडे पाहुणे जेवायला आले. जाऊबाई पट्टी बांधलेला हात सांभाळत टेबलाशी जाऊन बसल्या. "आपण कोण?" पाहुण्यांनी विचारलं. "मी घरचीच. हात यांच्या पट्ट्यात गेला." पाहुण्यांना एकाएकी भूक राहिली नाही. ते गेले आणि मालकांनी पोलीस बोलावले.

मी पोहोचले तेव्हा हवालदार जाऊबाईंचं सगळं ऐकून, वही काढून मालकांसमोर अंगणात उभा होता, आजूबाजूचे लोक फाटकाशी जमलेले. "कोण लागते ही तुमची?"

"कोणी नाही!"

"म्हणजे अनोळखी बाई चार दिवस तुमच्याकडे जेवली आणि तुमच्या मिसेसनी तिची वेणी घातली?"

"अनोळखी कशी असेल?" मालकांचा तोल सुटला. "नऊ वर्षं माझ्या कारखान्यात कोळंबी सोलते ही! मीच ठेवली कामावर! कामगार आहे, कामगारासारखं राहावं!"

हवालदाराने शब्द न् शब्द लिहून घेतला. बोटं तुटली तेव्हा न रडलेल्या जाऊबाई तिथे पायरीवर बसून रडायला लागल्या. मलाही आवरेना. आता त्यांचा हात वाचणार होता.

वकीलबाईंनी मालकांच्या वकिलाला फक्त एवढंच विचारलं, की हवालदाराला साक्षीला बोलावू का. महिना भरायच्या आत ऑपरेशन झालं, भरपाईही मंजूर झाली. जाऊबाईंना आता कप धरता येतो, वेणी मात्र घालता येत नाही. दोन बोटं गेली ती गेलीच, आणि त्याची चीड माझ्या पोटात अजून आहे.

पुढच्याच आठवड्यात मालक छापील कागद घेऊन शेडमध्ये आले. इतके दिवस न सापडणारा मुकादम मागे उभा! "आम्ही मुकादमाची माणसं आहोत" अशा मजकुराखाली प्रत्येकीने सही करायची होती. एकीनेही पेन हातात घेतलं नाही.

"अहो, असं काय करता? आपण सगळी एका..." मालक बोलता बोलता थांबले. आम्ही साठजणी त्यांच्याकडे बघत होतो. बिचारे मनातल्या मनात घरातल्या खोल्या मोजत असावेत.