हाँगकाँगला नेलेला चिन्नोर

हाँगकाँगला जायचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी दोन गोष्टी बालाघाटातच पक्क्या केल्या. खोली स्वस्त वस्तीत घ्यायची, जिथं कुणी पर्यटक फिरकत नाही, आणि भात आपला आपण शिजवायचा. "घरचा चिन्नोर असून बाहेरचा भात काहून खावा?" असं म्हणून दोन किलो तांदूळ आणि विजेचा कुकर बॅगेत भरला.

वस्ती खरंच चांगली निघाली. खाली भाजीवाले होते, न्हावी होता, दुपारभर पत्ते खेळणारे म्हातारे होते. पण खोलीत बॅग उघडायची तर एकाला पलंगावर चढून बसावं लागे, आणि दारामागे स्वयंपाक करायला मनाई असल्याची पाटी होती. ह्यांनी आठवडाभर ती पाटी रोज वाचली, जणू एखाद्या सकाळी ती बदलणार होती. खाली दहा पावलांवर वाफाळता भात मिळत होता. ह्यांना तो चिकट वाटला, म्हणून मीही ब्रेडच खाल्ला. का खाल्ला, याचा राग मला अजून येतो.

निघायच्या सकाळी ह्यांनी सगळा तांदूळ समोरच्या घरातल्या आजीला देऊन टाकला. तासाभरानं बॅगा घेऊन बाहेर आलो, तर जिनाभर चिन्नोरचा वास. आजी दारात उभी राहून हातानं खुणावत जेवायला बोलवत होती.

"बसू का थोडं?" हे म्हणाले.

विमानतळाची बस सुटायला आली होती. बसमध्ये मी उरलेला ब्रेड ह्यांच्या हातात दिला.