चंदेरी रंगाचे चार बोल्ट

आमच्या सोसायटीत जमिनीखाली पाण्याच्या दोन टाक्या आहेत. एक पालिकेच्या पाण्याची, दुसरी फ्लशसाठी बोअरिंगच्या पाण्याची. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला असलेलं हे बोअरिंग. पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं. सेक्रेटरी झाल्यावर मी दोन्हींत स्टीलच्या शिड्या टांगायला घेतल्या. स्टीलचे बोल्ट मात्र दुकानात नव्हते.

"दोन दिवस थांबा," दुकानदार म्हणाला. "खाऱ्या पाण्यात स्टीलला लोखंड जोडलंत तर स्टील मजेत राहील, लोखंड खाल्लं जाईल."

थांबेल तो मी कसला! लोखंडी बोल्ट मारले, वर चंदेरी रंग फासला आणि मीटिंगमध्ये "सगळं स्टील आहे" सांगून टाळ्या घेतल्या.

दोन वर्षांनी बोअरिंगची टाकी रिकामी करून धुतली. चेअरमन म्हणजे माझ्या समोरच्या फ्लॅटमधले काका. गुडघा बदलून चारच महिने झालेले, पण दुसऱ्याने धुतलेला कपसुद्धा त्यांना पटत नाही. मी पोचलो तेव्हा तळ बघून ते निम्मी शिडी चढलेही होते.

मी वाकून पाहिलं. शिडी चकचकीत. मधल्या दोन बोल्टांच्या जागी भिंतीवर नुसते तांबूस ओघळ. वरच्या दोनपैकी एकाचं डोकं फुगून पापुद्रे सुटलेले. खाली सिमेंटचा कोरडा तळ.

"काका, आहात तिथेच थांबा."

"का रे?"

सांगितलं तर माझी अब्रू जाणार, नाही सांगितलं तर काका.

"बोल्ट लोखंडी आहेत. गंजलेत."

"मीटिंगमध्ये तर स्टीलचे होते!"

"शिव्या वर येऊन घाला. आधी चांगला पाय वर घ्या. उजवा."

"डावा चांगला आहे, गाढवा!"

तेवढ्यात टक्कन आवाज झाला. फुगलेला बोल्ट तुटला, शिडी बोटभर कलंडली, काकांच्या खिशातला टॉर्च तळाशी आपटला. मी पालथा पडून वरची पायरी दोन्ही हातांनी धरली. काकांनी डावा पाय वर टाकला. एक पायरी. शिडी थरथरत होती. आणखी एक. मग त्यांचा हात माझ्या कॉलरवर आला आणि माझ्या पाठीला जिना समजून ते बाहेर आले.

बराच वेळ आम्ही दोघं धापा टाकत बसलो. मग काकांनी तुटलेल्या बोल्टाचा तुकडा चिमटीत दाबला. शिळ्या खारीसारखा भुगा झाला.

"आणि पालिकेच्या टाकीत?"

"त्याच पाकिटातले."

झाकण उघडून पाहिलं. तिथल्या गोड्या पाण्यात ते नुसते तपकिरी पडले होते, हलत नव्हते. पण काकांनी काही मला माफ केलं नाही.

"माझा टॉर्च खाली राहिला."

"उद्या काढतो, काका."

"उद्या कशाला? स्टीलची शिडी आहे ना. उतर!"

मी तडक दुकान गाठलं.

"स्टीलचे बोल्ट? दोन दिवस थांबा," दुकानदार म्हणाला.

थांबलो.