दिव्यापुढे एकोणतीसचा पाढा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मला एकाएकी समाजसेवेची तळमळ लागली. कारण होतं कॅम्पस इंटरव्ह्यू. आयटी कंपन्या नुसते मार्क बघत नाहीत, असं सीनियर छातीठोकपणे सांगत. बायोडेटात थोडी सेवा हवी, थोडं साहस हवं, आणि परदेश असेल तर सोन्याहून पिवळं. हे सगळं एकाच तिकिटात देणारी सहल कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागली. श्रीलंकेतल्या एका डोंगराळ गावात पंधरा दिवस राहायचं, सकाळी शाळा रंगवायची, दुपारी तिथल्या लोकांचं जगणं समजून घ्यायचं आणि शेवटी डोंगर चढायचा. मी त्या बोर्डापुढे उभ्या उभ्याच समाजसेवक झालो.

बाबा सरकारी कचेरीत हिशेब खात्यात होते. कुठल्याही सहलीला त्यांचं उत्तर ‘कशाला?’ एवढंच असे. श्रीलंका म्हटल्यावर मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. आजोबांनी धम्म स्वीकारला, पण बुद्धाला मानणारा देश आमच्या घरातल्या कोणीच पाहिला नव्हता.

“जा,” ते म्हणाले. “पण तिथे दिव्यापुढे बसून आपली वंदना म्हण. सगळी. त्यानंतर डोंगर चढ, नाहीतर डोंगरावरून पड.”

माझी पंचाईत ‘सगळी’ या शब्दाने झाली. त्रिशरण आणि पंचशील मला येत होतं. पुढच्या गाथांच्या वेळी मी दर रविवारी विश्रांतवाडीच्या विहारात एका रुंद पाठीच्या काकांमागे बसून नुसते ओठ हलवत आलो होतो. बाबांना वाटे, पोरगा विहारात शिकतोय, आणि विहारातल्या लोकांना वाटे, घरी शिकत असेल. घरी बाबा फक्त पाढे घेत. पाढ्यांवर नोकरी लागते, हा त्यांचा स्वतःचा अनुभव. माझी नोकरीची वेळ येईपर्यंत जगात कॉम्प्युटर आला होता, पण एकोणतीसचा पाढा माझ्यात असा मुरला होता की झोपेतून उठवलं तरी धडाधड म्हणून दाखवला असता.

श्रीलंकेतल्या माझ्या सेवेबद्दल थोडक्यात सांगतो. आम्ही शाळेची एक भिंत रंगवली आणि ती वाळल्यावर गावकऱ्यांनी शांतपणे पुन्हा रंगवली. साहसाचं म्हणाल, तर डोंगराच्या पायथ्याशीच माझ्या पोटरीला जळू चिकटली. मी ती पाहिली आणि खाली बसलो. बाकीचे शिखरावर फोटो काढत होते तेव्हा मी घरी पाय वर करून पडलो होतो, आणि अम्मा जखमेला लिंबू लावत होत्या.

अम्मा म्हणजे माझी राहण्याची सोय ज्यांच्याकडे केली होती त्या बाई. पन्नाशीच्या, एकट्या. एकुलता मुलगा आखातात कामाला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला सिंहली, त्यामुळे आमचं उत्तम चाले. घरात भिंतीवर बुद्धाचा छोटा देव्हारा होता आणि संध्याकाळी त्यापुढे दिवा लागे. आल्या आल्या, भाव मारण्यासाठी, मी छातीवर हात ठेवून ‘मीपण बौद्ध’ असं खुणेने सांगून बसलो होतो. अम्मांनी लगेच शेजारच्या दोन बायकांना बोलावलं, मला दिव्यापुढे बसवलं आणि हात जोडून वाट पाहू लागल्या. बुद्धाच्या भूमीतून आलेला मुलगा आता वंदना म्हणणार.

त्रिशरण झालं. पंचशील झालं. बायका माझ्याबरोबर म्हणत होत्या, सगळं छान चाललं होतं. मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. समोर रुंद पाठीचे काका नव्हते. माझे डोळे आपोआप मिटले, आणि वंदनेच्याच चालीत, गंभीर आवाजात तोंडातून निघालं, “एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.” दहापर्यंत जाऊनच थांबलो. मग अम्मा म्हणाल्या, “साधु, साधु.” शेजारणीही म्हणाल्या.

मला वाटलं, निभावलं. पण दुसऱ्या दिवशी दिवा लागला आणि अम्मांनी पुन्हा खूण केली. सुरुवातीचं नको, ते नंतरचं. त्यानंतर रोज तेच. अम्मा आपल्या मुलाचा फोटो दिव्याजवळ ठेवत, डोळे मिटून बसत, आणि मी त्यांच्या एकुलत्या मुलाच्या रक्षणासाठी एकोणतीसचा पाढा म्हणत असे. पहिल्या दिवशी हसू दाबावं लागलं होतं. पुढे हसू गेलं आणि लाज वाटू लागली. फसवायचंच होतं तर कॉलेजला फसवायचं, या बाईने माझं काय वाकडं केलं होतं? पण सांगणार कुठल्या भाषेत?

निघायच्या सकाळी शाळेतले इंग्रजीचे मास्तर निरोप द्यायला आले. मी धीर करून त्यांना म्हटलं, “सर, अम्मांना सांगा, मी म्हणत होतो ती गाथा नव्हती.”

मास्तरांनी सांगितलं. अम्मा हसल्या आणि बराच वेळ बोलल्या.

“त्या म्हणतात, ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “आमच्याकडेही एकला एकच म्हणतात, आठाला अट आणि दहाला दहय. पाढा आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांचा मुलगा लहानपणी तिथेच, दिव्याच्या उजेडात बसून पाढे म्हणायचा. साताच्या पुढे अडखळायचा. तो आखातात गेल्यापासून घरात तो आवाज नव्हता. म्हणून त्या रोज बसवत होत्या तुम्हाला.”

मी अम्मांच्या पाया पडलो, तर त्यांनी माझी पोटरी तपासली आणि पिशवीत दोन लिंबं टाकली.

विश्रांतवाडीला रिक्षातून उतरतो न उतरतो तोच बाबांनी विचारलं, “म्हटलीस?”

खोटं बोलायचं मी वाटेतच ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि सगळं खरंच बाहेर आलं. काकांच्या पाठीपासून लिंबांपर्यंत. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते.

“कुठे अडखळलास?” त्यांनी शेवटी विचारलं.

“पंचशीलाच्या पुढे येतच नव्हतं, बाबा.”

“पाढ्यात विचारतोय.”

“नाही. एकदाही नाही.”

“बरं,” म्हणून त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि माझी बॅग उचलून वर गेले.

रविवारी विहारात त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, पोराने श्रीलंकेत दिव्यापुढे बसून रोज म्हटलं. काय म्हटलं, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वंदना सुरू व्हायच्या आधी मी सवयीने मागे सरकत होतो. त्यांनी माझा दंड धरला आणि मला पहिल्या रांगेत, आपल्या शेजारी बसवलं.